बटाटे आणायला गेलेला सभापती

प्रिय आर्डिसताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? मिनिआपोलिसच्या त्या जिन्यावर तू एकटी चढतेस-उतरतेस, या विचाराने इथे घास गोड लागत नाही. आमचं विचारशील तर डेलोरिस ठणठणीत आहे आणि मी सभापती आहे.

हसू नकोस. आपलं स्टोनी क्रॉसिंग सरकारदरबारी गाव नव्हेच (महापौर नाही, नगरपरिषद नाही, आणि काउंटीला आपली आठवण होते ती कर गोळा करताना). सांभाळायचे ते रस्ते आणि स्मशानभूमी. त्यासाठी दर मार्चच्या सभेत सभापती निवडायचा. रीत तुला ठाऊकच आहे, जो सभेला नसेल त्याच्या गळ्यात माळ. म्हणून तर शेजारचा लेलँड टॉफ्टे अंगात ताप असला तरी घोंगडी पांघरून येऊन बसतो. यंदा मीही सगळ्यांच्या आधी पोचलो होतो गं! पण भाजलेल्या बटाट्यांचं भांडं गाडीत राहिलं. ते आणायला बाहेर गेलो आणि परत आलो, तर टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, बटाट्यांसाठीच. तेवढ्यात लेलँड ओरडला, "अभिनंदन, सभापती! आता माझ्या दारचा रस्ता कधी करतोस?"

तेव्हापासून जीव मेटाकुटीला आलाय. रस्ता सपाट करणारा ग्रेडर आधी कुणाकडे न्यायचा, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. आपला रस्ता आधी केला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून मी तो शेवटी ठेवला. तोवर बर्फ वितळून चिखल झाला आणि ग्रेडर रुतला तो नेमका माझ्याच दारात. तो ओढून काढायला अख्खं गाव जमलं. डेलोरिसने केलेला केक मात्र ग्रेडर हलायच्या आतच संपला. वर लेलँडचा टोमणा, "वा रे सभापती! सरकारी ग्रेडर स्वतःच्या दारात बांधून ठेवलास, आणि आम्ही खड्ड्यात!" राजीनामा द्यावा म्हटलं, तर तो सभापतीकडेच द्यायचा असतो. सभापती मीच.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विन

ता. क. तळमजल्यावरची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. जिना नाही. नाताळच्या आधी कायमची राहायला ये. मतदार म्हणून तुझं नाव नोंदवायचं मी बघतो.

ता. क. मार्चमध्ये सभा आहे. तुझा गुडघा बघता तू त्या दिवशी घरीच आराम कर.

वन्सं, पत्र टाकायच्या आधी मी वाचलं. जरूर या, पण सभेला माझ्याबरोबर चला. त्या दिवशी यांना मी घरात कोंडणार आहे. सभापती झाल्यापासून हे दिवसभर घराबाहेर असतात. इतकं सुख मला लग्न झाल्यापासून मिळालं नव्हतं. – डेलोरिस