गारगोटीला मी मारलं

३ मार्च, मंगळवार

मारलं. गारगोटीला मारलं एकदाचं! भर दुपारी, दवाखान्यात, काउंटरवर बसून. समोर अक्कलदाढेचा एक पेशंट गाल धरून कण्हत होता आणि मी इकडे पाणथळात गारगोटीला बुडवत होते. पेशंट म्हणाला, "अहो ताई, माझा नंबर?" मी म्हटलं, "थांबा, मरतेय." बिचारा पांढराफटक पडला.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

आमच्या लढाईच्या खेळात पाणथळातली रानमांजरं माझी, कड्यावरची ताईची. मी सात वर्षांची, ती दहाची, तेव्हापासून. पुढे त्याचीच पुस्तकं झाली, चार छापून आली, हे पाचवं आणि शेवटचं. एक धडा मी लिहून पाकिटातून पाठवायचा, पुढचा तिनं. लढाईबद्दल तोंडानं एक अक्षर काढायचं नाही, जे काय ते कागदावर. आणि सगळ्यात मोठा नियम — जिची मांजर, तिनंच मारायची. दुसरीला तो जीव हवा असेल तर चिठ्ठी टाकून मागायचा.

मी तीनदा मागितला. 'गारगोटी देतेस का?' तिन्ही वेळा टाइप केलेले दोन शब्द: 'अजून नाही.' अजून नाही म्हणजे कधी गं? ती म्हातारी म्होरकी जिवंत आहे तोवर कड्यावरची मांजरं माघार घेणार नाहीत, आणि ती माघार घेत नाहीत तोवर लढाई संपणार नाही. इकडे प्रकाशक बाई वीस तारखेला छपाई म्हणून हटून बसल्यात.

मग काय करू! मीच मारली.

४ मार्च

दोन पाकिटं टाकली. एक बाईंना, एक ताईला.

७ मार्च

बाईंचा फोन. त्या रडल्या म्हणे वाचून. "गारगोटीला मारायचं म्हणजे काय! दोघींनी मिळून केवढं धाडस केलंत!"

दोघींनी. मी "हो" म्हणाले. लाज नाही वाटली मला? वाटली. तरी म्हणाले.

ताईचा फोन नाही.

८ मार्च, रविवार

ताईला सहा फोन केले. सातवा भावोजींनी उचलला. आवाज बसलेला. "ती आत्ता नाही बोलणार." मी म्हटलं, सर्दी झालीय का तुम्हाला? "हं." हा माणूस आधीच मोजून मापून बोलतो, आज तर अगदीच तोंड शिवल्यासारखा. शेवटी म्हणे, "ठेवतो."

आईनं सगळं ऐकलं. "वयं काय तुमची! एक पन्नाशीला आली, दुसरीचे केस पिकले, आणि मांजरांवरून अबोला! लहानपणी दोघींना एकेक धपाटा घालून मोकळी व्हायचे, तेच बरं होतं."

आईला कसं सांगू? आमच्यात मांजरांशिवाय उरलंय काय? ताईचं लग्न झालं, घर लांब झालं. तिला माझा दवाखाना कंटाळवाणा वाटतो, मला तिची भिशी. ते पाकीट येतं तेवढीच काय ती माझी ताई.

१० मार्च

अर्धी रजा टाकून तिच्याकडे गेले. खाली भावोजींचं चष्म्याचं दुकान, वर घर. जिन्यात ताईच्या चपला होत्या. म्हणजे घरातच होती.

भावोजी चाकावर काच घासत बसले होते. मान वर केली नाही. डोळे लाल. मी म्हटलं, दोन मिनिटं भेटू द्या, पाया पडते तिच्या. ते घासता घासताच म्हणाले, "पाण्यात कशाला मारलंस तिला?"

भावोजी! ज्यांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचल्याचं मी कधी पाहिलं नाही, ते! म्हणजे ताईनं घरात काय आकांडतांडव केलं असेल, की या माणसाच्याही कानात ते घुसलं.

"पाण्याला घाबरायची ती. जन्मभर," ते म्हणाले.

आणि वर ताई गाणं गुणगुणत होती. चक्क गुणगुणत! मला ऐकू जावं म्हणूनच. तिचा राग असाच असतो, लहानपणी पण रुसली की मुद्दाम हसायची. मी जिना चढायला लागले, आणि पाचव्या पायरीवरून परत फिरले. बसमध्ये रडले, शेजारच्या बाईनं रुमाल दिला, तो तसाच घेऊन आले घरी.

१२ मार्च

आज खरं लिहिते. इथं तरी खोटं कशाला?

तारीख वगैरे सगळं निमित्त. मी जळत होते. पहिल्या दोन पुस्तकांत ताई नुसती हाणामारी लिहायची — नखं, दात, रक्त, धडा खलास. माझा धडा तिच्यापेक्षा सरस असायचा, सगळे म्हणायचे. तिसऱ्या पुस्तकापासून तिच्यात काय संचारलं कोण जाणे. गारगोटी म्हातारी झाली. चढताना दम खायला लागली. दुसऱ्यांची पिल्लं झोपेपर्यंत कपारीशी पहारा द्यायला लागली, आणि सकाळी कोणी विचारलं तर 'झोप येत नव्हती' म्हणायची. वाचताना मी रडायचे, आणि मागोमाग संताप यायचा — हे मला का नाही सुचलं?

वाचकांची पत्रं येतात ती सगळी गारगोटीला. माझ्या पाणथळातल्या शेवाळीला कुत्रं विचारत नाही.

म्हणून मारलं. तेही पाण्यात, लाजिरवाणं, एकटं. ताईच्या हातात ती कड्यावर ताठ उभी राहून मेली असती, आणि सगळ्यांनी पुन्हा ताईचंच कौतुक केलं असतं. ते मला बघवलं नसतं.

अशी मी. झालं लिहून.

१३ मार्च

बाईंना फोन करून सांगितलं, छपाई थांबवा, मी ताईला न विचारता लिहिलंय. त्या म्हणाल्या, "हे आत्ता सांगताय? अहो, प्रूफं गेली ताईंकडे! करार दोघींचा आहे. त्यांनी सही नाकारली तर थांबवते. नाहीतर माझ्यानं काही होणार नाही."

नाकार, ताई. नाकार गं. फाडून टाक सगळं, माझ्या तोंडावर फेक, पण नाकार.

तिला अकरा पानी पत्र लिहिलं. जळत होते हेही लिहिलं. तुझी गारगोटी तू शंभर वर्षं जगव, लढाई नाही संपली तरी चालेल, पुस्तक नाही आलं तरी चालेल. पाकिटावर तिकीट लावताना जीभ कोरडी पडली होती, पाण्यात बोट बुडवून लावलं.

१६ मार्च, सोमवार

सही केली! सगळ्या पानांवर. एका दिवसात. एकही दुरुस्ती नाही. बाई खूश — "बघा, उगीच घाबरत होता तुम्ही!"

दुपारी ताईचा मेसेजही आला. 'सह्या केल्या. छान झालंय. काळजी करू नकोस.'

छान झालंय! यापेक्षा सुरी खुपसली असती तर परवडलं असतं. म्हणजे मी भांडायच्याही लायकीची उरले नाही. पस्तीस-चाळीस वर्षांची मांजर मी बुडवली, आणि तिनं एक शिवीसुद्धा वाया घालवली नाही माझ्यावर.

दवाखान्यात आज कवळीवाल्या आजोबांना रूट कॅनॉलच्या खुर्चीत बसवलं. ते बिचारे आ करून बसले. डॉक्टर माझ्यावर जे ओरडले! मग उपकरणं उकळायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नर्स बाहेरून म्हणाली, "अहो, वाफेनं गुदमराल." म्हटलं, गुदमरू दे.

१७ मार्च

आई म्हणाली, "तिला काय वाटतंय ते तिच्या तोंडून ऐकलंस का एकदा तरी?" काय ऐकू, कपाळ! फोन उचलेल तर ना.

जेवण गेलं नाही. आता नवीन पाकीट येणार नाही, कधीच. लढाई मी जिंकले, आणि पोस्टमन दिसला तरी भडभडून येतंय.

१९ मार्च

भावोजी आले. भर बारा वाजता दुकान बंद करून, दवाखान्यात. पेशंटांच्या बाकावर बसले. माझं अकरा पानी पत्र हातात. घडी उलगडून उलगडून फाटायला आलेलं.

"ती रागावलेली नाहीये गं," म्हणाले. "तिनं ना तुझा धडा वाचलाय, ना हे. चार वर्षांपूर्वी, दुसऱ्या पुस्तकानंतर, तिला मांजरांचा कंटाळा आला. तुला सांगायचा धीर होईना. मला म्हणाली, तुम्ही बघा काय ते. तेव्हापासून कड्यावरचं सगळं मीच लिहितो."

चार वर्षं. चार वर्षांपूर्वीच ताई खेळातून उठून गेली होती, आणि मी एकटीच तिच्याशी लढत बसले होते.

मला वाटलं ते माफी मागायला आलेत. मी म्हटलं, जाऊ द्या भावोजी, ती रागावलेली नाही ना, मग झालं.

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले, पण पाणी थांबेना. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

"राग मला आलाय," म्हणाले.