डाव्या हाताची बाजू

१२ फेब्रु. ९४, शनि.
आज पुन्हा अंथरूण ओलं. चादर बादलीत टाकली, साबणाने हात घासघासून धुतले तरी वास जाईना. ह्यांना त्याचं काही नाही. भिंतीला टेकून बसलेले. उजव्या हाताने शर्टाची बटणं लावतात, मागोमाग डावा हात ती सोडतो. सुषमा हसली, मग बापाचा चेहरा बघून आत गेली. मी म्हटलं, नाटकं बंद करा. "मी नाय करत," म्हणे. जीभ जड. मग कोण करतं? नवटाकभर दारू मारल्याशिवाय ह्यांचा दिवस उगवत नाही, लग्न झाल्यापासून बघतेय.
ठरलंय माझं. सु.ची सहावीची परीक्षा झाली की बदलापूर सुटलं, अंबरनाथला दादाकडे. तो हो म्हणालाय.

२० फेब्रु., रवि.
सासूबाईंनी भगत आणला. त्याने ह्यांचा डावा हात हुंगला (शी!) आणि सांगितलं, आजेसासरे हातात बसलेत, त्यांचा मान राहिलाय. मान म्हणजे दारू, दुसरं काय. घरात हळद लागली की पहिला ग्लास थोरल्या मुलाने, म्हणजे ह्यांनी, पूर्वजांच्या नावाने प्यायचा, ही ह्या घराची रीत. एप्रिलमध्ये माझ्या दिराचं, सुरेशचं, लग्न आहे. "तवा देऊ मान, हात सुटंल." सासूबाई एकदम निश्चिंत. हसावं की रडावं.

३ मार्च, गुरु.
परवा ह्यांना फिट आली. तोंडाला फेस. सुरेशभाऊजी आणि मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन आलो. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल असतो, तो दारूने आणि उपाशी राहून सडलाय. म्हणून एका हाताचं दुसऱ्याला कळत नाही. फार क्वचित होतं म्हणे. रोगाचं नाव परदेशी, मला उच्चारता आलं नाही.
मग शिकाऊ डॉक्टर घोळक्याने आले. "काका, टाळी वाजवा." उजवा हात वर गेला, डावा चादर ओढत बसला. सगळे खूश, अशी केस बघायला मिळत नाही. खाटेखालचं भरलेलं भांडं मात्र कोणाला दिसलं नाही. मीच उचललं.

२७ मार्च, रवि.
घरी आणलंय. व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालू. भिंत धरून चालतात, बोललेलं बरंचसं कळतं. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा प्यायले तर परत उठणार नाहीत.
दादा आला होता. "आता कशी येतेस? लोक म्हणतील आजारी नवऱ्याला टाकलं." कालपर्यंत नवरा बेवडा होता तेव्हा दादाच निघ म्हणत होता. रोगाला नाव मिळालं आणि हा माणूस बिचारा झाला. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये शिलाईला जाते, तिथल्या मालकीणबाईसुद्धा, "दीदी, सेवा करो, दुआ लगेगी." मनात म्हटलं, तू ये ना मग धुवायला. कॉलर जोडत बसले.

२१ एप्रिल, गुरु.
काल हळद.
सकाळीच सासूबाईंना सांगितलं होतं, मान नको, मरतील ते. "घोटभर घेतला त काय मरत नाय. त्याची आय मी हाय का तू?"
मांडवात बँजो पार्टी वाजतेय, सगळे पिवळे आणि झिंगलेले. सासूबाईंनी ग्लास ह्यांच्या उजव्या हातात दिला. तो तोंडाकडे निघाला आणि डाव्याने मनगट धरून खाली ओढला. सांडली. मांडव हसला. "आजा रुसलाय," सासूबाई म्हणाल्या. दुसरा भरला. पुन्हा तेच. मग खेळच झाला, कोणी उजव्याच्या नावाने ओरडतंय, कोणी डाव्याच्या. मी घुसले तर भाऊजींच्या मित्रांनी "वयनी, मानाचा हाय" म्हणत मला बाजूला केलं. शेवटी सासूबाईंनी डावा हात आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरला. ग्लास रिकामा झाला. टाळ्या.

२३ एप्रिल, शनि.
दोन दिवस उलट्या. पाय परत लटपटतात. सकाळी अंग पुसत होते तेव्हा म्हणाले, "मी नाय घेतली." म्हटलं, ग्लास तुमच्याच हातात होता. "तो हात माझा नाय. मी ढकलत होतो."
हे वाक्य आयुष्यभर ऐकलं, मी नाय घेतली. पहिल्यांदाच खोटं वाटलं नाही. पण दया काही आली नाही. किळसच आली. नाही म्हणायला शिकला तो एवढ्या उशिरा, तेही एका हाताने.
सु.ची परीक्षा संपली. दादाला ठणकावून सांगितलंय, येते, लोकांचं मी बघते. उद्या सकाळची रिक्षा सांगितली.
उद्याच दुपारी लग्नानंतरचं मटणाचं जेवण आहे. सासूबाई म्हणतात, हळदीत अर्धा मान सांडला, तो पुरा करायचा. ह्यांनी ऐकलं. हात धरायला सासूबाईंसोबत आणखी कोणी असेल, ओतायला सगळं गाव. मी सकाळीच निघाले तर डाव्या हाताला एकट्याला ते झेपणार नाही. माझा ह्याच्याशी आता काय संबंध, असं मघापासून स्वतःला सांगतेय.
सु. विचारतेय, कपडे भरू का.