सहीवाचून राहिलेला नकाशा

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती भांडायला. मराठीतच लिहितेय, कारण या घरात देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही. तुमच्या नातवाला बोललेलं सगळं समजतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. तेव्हा हा कागद टेबलावर पडून राहिला तरी आपलं भांडण आपल्यातच राहील.

गेल्या शुक्रवारी अम्मानहून फोन आला. यूसुफमामांची नात, लैला. कुवेतला तुमच्या शेजारच्या टेबलाशी बसून नकाशे काढणारे तुमचे यूसुफ. मागच्या थंडीत ते गेले. ती म्हणाली, "आजोबा शेवटपर्यंत विचारत होते, तंजावरहून नकाशा आला का?"

मी माळ्यावरची तुमची ट्रंक खाली काढली. पत्र्याच्या नळकांड्यात तो होता. ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईत, यूसुफमामांचं अख्खं गाव, बैत-नजमा! विहीर, शाळेची एक खोली, तेलाचा घाणा, खळं, मशीद, आणि एकेका घरावर घरधन्याचं नाव. एक रेघ राहिलेली नव्हती. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात सहीची जागा कोरी, आणि शेजारी तुमचं ते टपोरं अक्षर: 'जागेवर पडताळणी बाकी.'

कोणती जागा, अप्पा?

अठ्ठेचाळीस साली सैनिकांनी ते गाव रिकामं केलं. यूसुफमामा तेव्हा आठ वर्षांचे. बंदुका वाजल्या, माणसं डोंगराकडे पळाली, दोन दिवसांत परत येऊ म्हणून चुलीवरचं भांडंही कोणी उतरवलं नाही. नंतर घरं सुरुंग लावून पाडली. वर पाइनची झाडं लावली. आता तिथे लोक चटया घेऊन सहलीला जातात म्हणे, आणि पाटीवर गावाचं नाव नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्यासमोरच त्यांनी सांगितलं, आपल्या तिण्णईवर, दाराबाहेरच्या ओट्यावर बसून. मग मोजणीची साखळी लावून काय मोजणार होता तुम्ही? पाइनचे बुंधे?

ते आले तो महिना मला चांगला आठवतो. तुम्ही सुटीवर आलात आणि त्यांना बरोबर घेऊन आलात. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय खातात हो?" दुसऱ्या दिवशी ते इडलीपोडीच्या कोरड्या चटणीवर तिळाचं तेल ओतून घेऊन बोटं चाटत होते, आणि आई दाराआड हसत होती. सकाळची कापी पिऊन झाली की तुम्ही दोघं तिण्णईवर कागद पसरायचात. ते डोळे मिटून गाव सांगायचे, तुम्ही पेन्सिलीने काढायचात.

"विहिरीपासून शाळेपर्यंत नव्वद पावलं," ते म्हणाले.

"कोणाची पावलं?" तुम्ही विचारलंत.

"माझी."

"तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे. आठ वर्षांच्या पोराचं पाऊल केवढं?"

झालं! मला हाक मारलीत. मीही आठच वर्षांची होते. भर उन्हात आपल्या गल्लीत टेप टाकून तुम्ही मला वीसदा चालवलंत. "अंबू, उड्या मारू नकोस, शाळेत जातेस तशी चाल." त्या गावाचं माप माझ्या पावलावरून निघालं आहे, आणि ट्रंक उघडेपर्यंत मी ते पार विसरून गेले होते. नकाशाच्या समासात तुम्ही तसं लिहून ठेवलं आहे.

किती गोष्टी होत्या त्या गावाच्या! दोन भाऊ एका जैतुनाच्या झाडावरून बारा वर्षं बोलत नव्हते. फळं पाडायच्या दिवशी मात्र दोघांच्या बायका एकाच चादरीवर बसून निवडायच्या. तुम्ही ते झाड बरोबर बांधावर काढलंत आणि दोन्ही नावं लिहिलीत. ओरत्तनाडूकडच्या बांधावरच्या भांडणांत मोजणी करत अर्धी हयात गेलेला माणूस, तुम्हाला ते पटकन कळलं. आणि इंग्रजांच्या वेळी मोजणीवाले आले तेव्हा यूसुफमामांच्या वडिलांनी त्यांना अंजीर खाऊ घातले होते. गाव कागदावर आलं, दगड रोवले गेले, आता आपल्याला कोण हलवतंय, असं त्या माणसाला वाटलं होतं.

बिचारा! तुमच्यासारखाच कागदावर जीव टाकणारा.

मग त्याच्या मुलाने तुमच्याकडे मागितलं तरी काय? एक सही. भिंतीवर लावायला, पोरांना बोट ठेवून दाखवायला. वर्षातून दोनदा ते फोन करायचे आणि तुमचं एकच पालुपद, "न मोजता सही आयुष्यात केली नाही, यूसुफ. रस्ता उघडू दे, दोघं मिळून जाऊ." मी शेजारी उभी असायची. मला हसू यायचं, अप्पा पुन्हा लागले मोजणीला म्हणून. आज त्या हसण्याची लाज वाटते.

ट्रंकेत तुमचे पासपोर्टही सापडले. कुवेत सोडल्यावर तुम्ही कुंभकोणमच्या पलीकडे गेला नाहीत, तरी मुदत संपली की नवा काढत होतात. शेवटचा काढलात तेव्हा तुम्हाला जिना चढवत नव्हता. खरंच जाणार होतात तुम्ही! ते पाहून मी रडले, आणि रडून झाल्यावर राग दुप्पट झाला. जळो तो खरेपणा! ज्यांनी गाव पुसलं त्यांना कोणी सही विचारली होती का? नियम सगळे गमावणाऱ्यानेच पाळायचे? टीव्हीवर अजून रोज घरं पडताना दिसतात, त्यातलं एकेक घर कोणीतरी पावलांनी मोजलेलं असेल. आणि आपण इथे पडताळणीच्या गोष्टी करतोय.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं होईल.

तुमच्या तेराव्याच्या दिवशी यूसुफमामांचा फोन आला होता. आधी ते नुसते रडले. मग दबकत विचारलं, "अंबू, तो नकाशा घरात आहे का?" घरात माणसांची ये-जा होती, वाढायची घाई होती. मी म्हटलं, "नाही मामा, जुने कागद सगळे गेले." ट्रंकेला मी हातसुद्धा लावला नव्हता! ते म्हणाले, "असू दे, बेटी. तुझे वडील सच्चा माणूस होते." त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं, अप्पा! एका सकाळचं काम होतं. तुम्ही निदान तत्त्वासाठी अडून बसलात, मी नुसत्या आळसाने त्यांना फसवलं. आणि तरी ते घरच्यांना विचारत राहिले, म्हणजे माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसलाच नव्हता.

लैलाला मी खरं काय ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सही नसली तरी पाठवा. आमच्या पोरांनी फक्त त्या पाइनच्या झाडांचे फोटो पाहिलेत."

पाठवणार नाही, घेऊन जाणार आहे. माझ्या पासपोर्टचा अर्ज काल भरला. नकाशा कुरियरवाल्याच्या हाती द्यायची नाही मी, तो तिच्या हातातच ठेवेन. आणि आज सकाळी तुमचं ड्रॉइंगचं पेन धुऊन शाई भरली. 'जागेवर पडताळणी बाकी' या शब्दांवर आडवी रेघ मारली. काढणारा म्हणून तुमचं नाव लिहिलं. रागवा हवं तर! मोजणारा म्हणून यूसुफमामांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, लैलाने सांगितलं तसं. कोणाला पडताळायचंच असेल तर त्याने आधी ती झाडं उपटावीत आणि खालचे दगड दाखवावेत.

शाई वाळली आहे. आता ती खोडायला तुम्हीही येऊ शकत नाही.

तुमच्याशी पहिल्यांदाच भांडणारी,
अंबू