दुसरी किल्ली कुणाकडे?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. डावा गुडघा कसा आहे? (उजव्याची खबर भाचीकडून कळली.) मी मजेत, आणि जरा मोठाही झालो आहे, तेच सांगायला हे पत्र.

इथल्या संशोधन संस्थेने मला नैतिकता समितीवर घेतलं आहे. ही मंडळी लोकांचं रक्त घेऊन त्यातली जनुकं वाचतात. कोणता आजार कोणत्या घराण्यात पिढ्यानपिढ्या का उतरतो, ते शोधतात. समितीत डॉक्टर, वकील आणि निदान एक सामान्य माणूस हवा, असा नियम आहे. सामान्य म्हणून मी निवडला गेलो. आपल्या घराण्यात सामान्य पुष्कळ झाले, पण तसं लेखी पत्र मिळालेला मी पहिलाच. चौकट करून दुकानात किल्ल्यांच्या फळ्याशेजारी टांगलं आहे.

पहिल्या बैठकीला जावयाचा कोट घालून गेलो. खुर्चीला चाकं आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. टेकलो तो थेट मागच्या चहाच्या टेबलावर जाऊन थडकलो, आणि अध्यक्षबाईंनी (निवृत्त न्यायाधीश, हसणं बहुधा नोकरीतच सोडलेलं) पाच मिनिटं बैठक तहकूब केली. मग संचालक म्हणाले, लोकांची माहिती कडेकोट कुलपात राहील, सगळा खर्च एक औषध कंपनी देते आहे, तेव्हा आजच सह्या व्हाव्यात. कुलूप म्हटल्यावर मी कान टवकारले. पस्तीस वर्षं दुसरं केलंय काय?

मी विचारलं, "दुसरी किल्ली कुणाकडे?"

संचालक म्हणाले, हा तांत्रिक प्रश्न आहे. मी म्हटलं, माझं प्रत्येक गिऱ्हाईक हाच विचारतं. बाईंनी चष्मा चढवला आणि करार उघडायला लावला. सव्विसाव्या पानावर ती दुसरी किल्ली सापडली. कंपनीला ती माहिती आपल्या इतर कंपन्यांना कुणालाही न विचारता देता येत होती, आणि त्यातली एक विमा विकणारी. संचालकांनाच हे ठाऊक नव्हतं. बिचारे पांढरेफटक पडले. सही कुणीच केली नाही. कंपनी दीड महिना रुसून बसली, काम थांबलं, प्रयोगशाळेतल्या मुली मला पाहून जिना बदलायला लागल्या. (माझंही जेवणात लक्ष नव्हतं, खोटं कशाला सांगू?) शेवटी ते कलम गेलं.

मग ज्यांचं रक्त घ्यायचं, त्या आमच्या वस्तीच्या सभागृहात सभा झाली. संचालकांनी पडद्यावर पाऊण तास जनुकांचे रंगीत गोल जिने दाखवले. लोक उठायला लागले तशी बाईंनी मला पुढे ढकललं. मी किल्लीची गोष्ट सांगितली. मन बदललं तर आपलं नाव कधीही काढून घेता येतं, हेही सांगितलं. कोपऱ्यावरची दूधवाली म्हणाली, "आधी तुम्ही द्या."

मी तिथल्या तिथे बाही वर केली. (मग जरा आडवा झालो, पण रक्त काढून झाल्यावर, याची नोंद असू दे.) त्या दिवशी एकशे बारा जणांनी फॉर्म वाचून सही केली. वाचून, ताई! बाईंनी जाताना माझा हात हातात घेतला, आणि चक्क हसल्या.

तुझा,
धाकटा

ता. क. या अभ्यासाला सख्खी भावंडं लागतात. सोबत बारा पानी फॉर्म आहे. सावकाश वाच. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आणखी ता. क. नर्स मंगळवारी दहाला तुझ्याकडे येते आहे. आमची ताई नाही म्हणायचीच नाही, असं भर सभेत बोलून बसलो. 'स्वखुशीने' या शब्दापुढे तुझ्या वतीने बरोबरची खूण केली आहे, पण नुसती पेन्सिलीने.