श्वास देण्याची जुनी रीत

गुरुजी, काल यवतमाळला शिक्षकांच्या प्रथमोपचार वर्गात मला बुडालेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा ते पुन्हा नव्यानं शिकवलं. तुम्ही शिकवलंत ती पहिली रीत, तुम्हीच बदलून दिलीत ती दुसरी, चार वर्षांपूर्वीच्या वर्गातली तिसरी आणि कालची चौथी. शेवटच्या दोन्ही वेळी मला एकच प्रश्न पडला, आणि तो विचारायला तुमच्याशिवाय माणूस नाही. त्या दिवशी नदीकाठी मी दाईला अडवलं नसतं, तर तुम्ही उठून बसला असता का? दहा वर्षं झाली. मी आता पन्नाशीला टेकलो, तुमच्याच खुर्चीवर बसतो. सकाळी देवापुढं दिवा लावताना आईवडिलांच्या आधी तुमचा चेहरा येतो. येतो तो हसरा, आणि त्यामुळंच जास्त अवघड वाटतं.

पहिली रीत तुम्ही मला सारवलेल्या जमिनीवर पालथं घालून शिकवलीत. तेव्हा मी शाळेत तुमच्या हाताखाली मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. अंगानं काडी होतो, म्हणून बुडालेला माणूस नेहमी मीच. "तुला मेलेलं दिसायला फार मेहनत लागत नाही," असं म्हणून तुम्ही माझं तोंड एका बाजूला वळवायचात आणि कमरेच्या वर, बरगड्यांवर दोन्ही पंजे ठेवून अंगाचा भार टाकायचात. दाब, सोड. दाब, सोड. भिंतीवरून डोकावणारे बाप्ये हसायचे, "गुरुजी मेलेल्यायले पीटी शिकवून राह्यले!" आपल्याकडं तोवर बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर घालून गरगर फिरवत, नाहीतर पाय बांधून लिंबाच्या फांदीला उलटं टांगत. तुम्ही त्या दोन्ही गोष्टींशी आयुष्यभर भांडलात. कुंभार तुम्हाला रस्त्यात अडवून म्हणायचा, "काहून गुरुजी, माह्या चाकावर येवढा राग कायले?" आणि तुम्ही म्हणायचात, "मडक्यावर नाही, माणसावर फिरवलंस तर आहे."

मग छप्पन साली तुम्ही कुठल्याशा वर्गाला जाऊन आलात आणि आल्या दिवशीच मला पुन्हा पालथं घातलंत. आता माझे हात कपाळाखाली दुमडलेले, तुम्ही माझ्या कमरेशी नाही तर डोक्याशी गुडघे टेकून बसलेले. पाठीच्या खवाट्यांवर दाबायचं, मग मागं झुकत माझी कोपरं धरून वर उचलायचं. दाब, सोड, उचल, ठेव. दाबल्यानं हवा बाहेर जाते, उचलल्यानं आत येते, म्हणालात. मी जमिनीवरूनच, सगळ्या वर्गादेखत विचारलं, "मग गुरुजी, इतकी वर्षं आपण चुकीचं शिकवलं का?" तुम्ही माझी कोपरं सोडून दिलीत. तुमचा आवाज कधी चढत नसे, तो त्या दिवशी चढला. "तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढं शिकवलं. उद्या याहून बरं कोणी दाखवलं, आणि तू तरी हेच धरून बसलास, तर त्याला चूक म्हणायचं. उठ." मी धूळ झटकत उठलो. कान तापले होते. इतकं ते बोलणं लागलं, आणि तरी वेळेला आठवलं नाही.

त्याच वर्षी दसऱ्याला नदीकडची वस्ती नागपूरहून दीक्षा घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सोबत घेऊन वस्तीत गेलात. दाईच्या ओट्यावर आपण बसलो. अर्ध्या गावाचं बाळंतपण त्या बाईच्या हातचं, पण तिच्या ओट्यावर बसलेला शाळेचा मास्तर गावानं पहिल्यांदा पाहिला. तिनं चहा आणला. तुम्ही बशीत ओतून फुर्रर करून प्यालात आणि म्हणालात, "साखर जास्त झाली, पण चालते." ती म्हणाली, "गोड दिवस हाय गुरुजी, आज नाई टाकाव त कवा टाकाव?" मी कप हातात धरून बसलो, आणि उपास आहे म्हणून तसाच खाली ठेवला. उपास नव्हता. तुम्हाला ते कळलं.

आणि मग पुढच्या वर्षीची ती दुपार. शाळेचा गणपती घेऊन आपण डोहावर आलो आहोत. ढग आहेत, पण पाऊस नाही. मूर्ती तुम्हीच घेता, दरवर्षी घेता तशी, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाता. त्या उन्हाळ्यात लोकांनी तिथली रेती उपसून नेली होती, पाण्याखाली खड्डा पडला होता. तुम्ही मूर्ती सोडलीत, हात जोडलेत, एक पाऊल मागं टाकलंत आणि दिसेनासे झालात. आम्हाला वाटलं बुडी मारली. मग पाण्यावर नुसतं उपरणं दिसलं. दोघांनी उड्या टाकल्या. एकाच्या हाती आधी धोतराचं टोकच लागलं. किती वेळ गेला हे आज दहा वर्षं मोजतो आहे, आणि दर वेळी वेगळा आकडा येतो.

तुम्हाला काठावर आणलं तेव्हा ओठ निळे होते. लगेच कोणीतरी ओरडलं, "चाक आना बे कुंभाराचं!" दुसरा पाय धरून उचलू लागला. मी दोघांनाही ढकललं. "गुरुजींना हात लावायचा नाही! मला येतं!" खरंच येत होतं. तुम्हाला पालथं केलं, तोंडातला गाळ बोटानं काढला, तुमचे हात तुमच्याच कपाळाखाली दुमडले आणि डोक्याशी गुडघे टेकले. दाब, सोड, उचल, ठेव. तोंडातून थोडं पाणी आलं तेव्हा लोकांनी गजर केला. पुढं काही आलं नाही. मी मोजत राहिलो. तुमची कोपरं माझ्या हातात जड होत होती.

दाई गर्दीतून कधी पुढं आली ते कळलं नाही. ती माझ्या शेजारी बसली, तुमच्या गालाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "मास्तर, सरका जरा. मी फुकू का याईच्या तोंडात? लेकरू निपचित निघते तवा मी फुकतो, कवा कवा येते परत." मी मोजणं न थांबवता म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "एकडाव पाहू द्या न बाप्पा. त्याईचं काय जाते?" मी पुन्हा म्हटलं, "नाही, असं कुठं सांगितलेलं नाही," आणि कोपरानं तिला मागं सारलं. कोणी मला अडवलं नाही. मी मास्तर होतो, आणि मी तुमचीच रीत करत होतो. ती मागं जाऊन उभी राहिली. दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवर आला, त्यानं तुमचं मनगट धरलं, डोळे उघडून पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोवर मी दाबत होतो.

चार वर्षांपूर्वीच्या वर्गात एक तरुण डॉक्टर होता. पहिल्याच वाक्यात म्हणाला, "पाठ दाबणं विसरा." माणसाला उताणं करायचं, मान मागं करायची, नाक चिमटीत धरायचं आणि आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून फुंकायचं. संकोच वाटला तर मध्ये रुमाल धरा, म्हणाला. सगळे खुसखुसले. मी उभा राहून विचारलं, "साहेब, पाठ दाबून माणूस वाचतच नाही का?" तो म्हणाला, "वाचतो की, गुरुजी. पण हवा फार थोडी जाते. फुंकून छाती भरते, डोळ्यांना दिसते." गुरुजी म्हणाला मला, आणि मी खाली बसलो. काल आणखी पुढचं सांगितलं. हृदय थांबलं असेल तर छातीच्या मधोमध, हाडावर, हाताच्या टाचेनं जोरात दाबायचं, आणि अधूनमधून फुंकायचं. माझे हात आता पाठीवरून छातीवर आले आहेत. तुम्ही असता तर आज मला अंगणात उताणं पाडून हीही रीत शिकवली असतीत, आणि अंगानं सुटलो म्हणून टोमणा मारला असतात. तो टोमणा ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

त्या डॉक्टरच्या वर्गानंतर दाई मला बोरी अरबच्या बाजारात भेटली. मी आपणहून तिला म्हटलं, "दाई, सरकारनं आता तुमचीच रीत काढली. तोंडात फुंकायची." ती पदराआडून हसली. "सरकारले उशिरा कळा आल्या म्हना." मग हसू थांबलं. "त मंग तवा मले काहून थांबवलं मास्तर?" मी म्हटलं, "तेव्हा ती रीत कोणाला माहीत नव्हती." तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि मेथीची जुडी पिशवीत घालून चालू लागली.

तुम्ही गेल्यापासून मी सगळ्यांना हेच सांगत आलो, की तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या पत्नीला सांगितलं, पोथीपुढं बसून देवालाही सांगितलं. गुरुजी, माझं धाकटं पोर निळं जन्मलं होतं. ही गोष्ट मी तुमच्यापाशीही कधी बोललो नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. दाईनं त्याच्या इवल्या तोंडावर तोंड ठेवलं आणि फुंकलं, तीनदा, चारदा, आणि पोर रडलं. ती गेल्यावर मी घरभर गोमूत्र शिंपडलं. हे तुम्ही बुडालात त्याच्या सात वर्षं आधीचं. बाजारात ती मला विचारत होती, तेव्हा तिलाही हे आठवत होतं.