न चाळलेला मैदा

१८ डिसेंबर, बुधवार
निश्चय. यंदा नाताळला तळमजल्यावरच्या पॉलिनताईंना माझ्या हातच्या कुकीज देणार. दरवर्षी त्यांच्याकडून केक येतो आणि त्यांची ताटली आमच्याकडून चमचाभर साखर घालून परत जाते. व्हीआरएस घेतलेल्या माणसाला हे शोभत नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना सांगूनही टाकलं. म्हणाल्या, करा की, फक्त मैदा चाळून घ्या हां. फक्त! सप्टेंबरपासून मी यूट्यूब पाहतोय. परदेशात आता कोणी चाळत नाही. कुकीज खायला घालून हे त्यांच्याच तोंडून कबूल करून घेणार.

१९ डिसेंबर, गुरुवार, दुपारी
ओव्हन तापतोय. मैदा दिवाळीच्या शंकरपाळ्यांतला उरलेला, डब्यात होताच. विनया चाळणी घेऊन शेजारी उभी. अहो, निदान एकदा तरी... एवढंच म्हणाली. चाळणी हा विषय या घरात बंद, असं मी जाहीर केलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको पॉलिनताईंच्या पार्टीत. वाईट वाटलं.

संध्याकाळी
अप्रतिम! जरा कडक आहेत, पण तो ओव्हनचा दोष. मधूनमधून बारीक तपकिरी ठिपके. साखरेचं कॅरमलायझेशन. विनयाला मार्गशीर्षातला गुरुवार, उपवास. उन्नतीचं आजच डाएट सुरू. पोटची पोरगी! ठीक आहे. मी खाल्ल्या.

२२ डिसेंबर
चहाबरोबर चार. ठिपके छान कुरकुरीत लागतात. विनया मैद्याबद्दल काहीतरी सांगायला आली. मी हात वर केला. विषय बंद.

२५ डिसेंबर
खालून केक आला. आमची ताटली विनयाने स्वतः भरली, वर रुमाल घातला आणि स्वतःच खाली घेऊन गेली. तुम्ही बसा, म्हणाली. उशिरा का होईना, नवऱ्याची किंमत कळली. डोळ्यांत पाणी आलं.

२६ डिसेंबर
पॉलिनताई गेटपाशी भेटल्या. कुकीज फारच खुसखुशीत, आणि जिरं काय मस्त लागत होतं, म्हणाल्या. मी जिरं घातलंच नव्हतं. घरी येऊन विचार केला. न चाळल्यामुळे मैद्याचा मूळ स्वाद टिकतो, तो सामान्य माणसाला जिऱ्यासारखा लागत असणार. बरं, मैदा चाळला नव्हता हे मी त्यांना मुद्दाम ऐकवलं. त्या नुसत्या हसल्या. हरलेला माणूस दुसरं काय करणार?

३ जानेवारी, दुपारी
ऑर्डर! पॉलिनताईंच्या नातीचा, टिफनीचा, रविवारी वाढदिवस आहे. दोन किलो हव्यात, अगदी तश्शाच, म्हणाल्या. क्लास काढायचा विचार आहे. विनयाला सांगितलं तर ती मटकन खुर्चीत बसली. आनंदाने असेल.

संध्याकाळी
विश्वासघात. दुसरा शब्द नाही. त्या दिवशी ताटलीत माझ्या कुकीज नव्हत्याच! पाचूबंदरच्या रस्त्यावरच्या बेकरीतली जिरा बिस्किटं होती. उन्नतीने आणली, विनयाने भरली. मायलेकींचा कट. मला सांगायला काय झालं होतं, असं मी ओरडलो. विनयाने डब्यातला उरलेला मैदा चाळणीत ओतला आणि चाळणी माझ्यासमोर धरली.

पोरकिडे. बारीक, तपकिरी. चालत होते.

तीनदा सांगायला आले, म्हणाली, पण विषय बंद होता. मग मला खाऊ कशा दिल्यास? तर म्हणे, ओव्हनमध्ये भाजून निघालेत, काही होत नाही. कुकीजचा आख्खा डबा मी एकट्याने संपवला आणि माझ्याच घरात दोन माणसं ते बघत बसली. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

५ जानेवारी, रविवार
पॉलिनताईंना खरं सांगणारच होतो. पण पोरीच्या वाढदिवसाचा हिरमोड कशाला? सकाळी टोपी घालून बेकरीत गेलो. दोन किलो जिरा बिस्किटं मागितली, हळू आवाजात. मागून खांद्यावर हात पडला. पॉलिनताईंचे मिस्टर, आल्बर्ट. मी म्हटलं, पाव घ्यायला आलो होतो. ते म्हणाले, अहो, दोन नको, दीडच किलो घ्या, पोरं कमी येणार आहेत. हे सांगायला तुमच्या घरी निघालो होतो, पण पॉलिन म्हणाली, आज सकाळी ते बेकरीतच भेटतील.

दीड किलो घेतली.