कपाळावरचं टेंगूळ

कवठे महांकाळ,
१८ जानेवारी २०२५

मल्हारदादास पल्लवीचा नमस्कार.

इकडं आई-आण्णा ठीक. तुझंही ठीक असेल असं धरून चालते. दोन वर्षं फोन उचलत नाहीस, तर दुसरं काय धरणार? कोइंबतूरच्या, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानाचा पत्ता तुझ्या दोस्तानं, कृष्णातनं दिला. निदान पत्र तरी न वाचता फाडू नकोस.

माझ्या कपाळावरच्या टेंगळाचं ऑपरेशन झालं. महिना होईल. त्याआधी दीड वर्ष नुसता डोक्याला ताप! एक डॉक्टर म्हणाले, चरबीची गाठ. दुसऱ्यांनी गोळ्यांवर गोळ्या दिल्या. हरणाआत्यानं हळद-चुना थापून कातडी भाजली, आणि वर मलाच म्हणते, "तूच नीट लावून घेतलं न्हाईस." उजवा डोळा खाली दबायला लागला, तेव्हा कुठं आण्णा मला घेऊन सांगलीला निघाले.

तिथं सीटी स्कॅन झाला, मग तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. कवटीच्या हाडातच तंतूंसारखी भर साठत गेली होती. क्वचितच कुणाला होतं असं. तेवढं हाड कापून काढलं आणि तिथं टायटॅनियमची जाळी बसवली. डोळा शाबूत आहे. अर्धं डोकं भादरलंय, ते बघायला मात्र सगळी गल्ली येऊन जाते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईनं डॉक्टरांना विचारलं, "हिच्या लग्नावरनं भांडाण झालं तवा पोरानं हिला ढकललं, चौकटीवर डोकं आपाटलं. त्यानंच झालं न्हवं हे?"

"नाही मावशी. मार लागून हे होत नाही. कितीतरी वर्षं आतल्या आत वाढत असणार."

आई तिथंच रडायला लागली. "मग माज्या लेकराला घरातनं का घालवलं आमी?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसले.

दादा, मला आधीच माहीत होतं. तू ढकलायच्या दोन महिने आधी तोंड धुताना ती गाठ माझ्या हाताला लागली होती. टेंगूळ तुझ्या ढकलण्यानंच आलं म्हणून सगळे तुला नाही नाही ते बोलले, आण्णांनी तुझी बॅग अंगणात फेकली, आणि मी दारात गप्प उभी राहिले. ढकललंस ते चूकच. त्याचा राग अजून आहे. पण गाठ तुझ्यामुळं नव्हती.

परवा आण्णांना सगळं सांगितलं. ते भरल्या ताटावरनं उठले. माझ्याशी बोलत नाहीत. नकोत बोलू. काल मात्र आईला म्हणाले, "बोलवून घे त्येला."

म्हणून बोलावतेय. ये, आणि तुला मला जे काय बोलायचंय ते समोर उभं राहून बोल.

खरं सांगायला दोन वर्षं लावणारी
तुझी बहीण,
पल्लवी